चर्चगेट ते विरार, इंजिनाशिवाय

गुरुवार

सकाळच्या डेक्कन क्वीननं दादर, तिथून धीम्या लोकलनं पार्ले. घाटात धुकं इतकं होतं की खिडकीची जागा मिळूनही काही दिसलं नाही. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. पुण्यात अंगावर असलेला स्वेटर दादरला पिशवीत गेला.

भाचा जर्मनीहून सुट्टीवर आला होता आणि त्यातले चार दिवस त्यानं माझ्यासाठी राखून ठेवले होते. फोनवर म्हणाला होता, "मावशी, मुंबई बघू. पण मान वर करून." घरात हे वेड आम्हां दोघांनाच. मी १९८६ साली हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकले. तो तिकडच्या क्लबात सात वर्षं उडवतोय, आणि आता तिघांनी मिळून एक ग्लायडर घेतलंय. लाक-१७, लिथुआनियातल्या प्रिएनाय गावी बनणारं. १८ मीटर पंखांचं, एकाच माणसाचं, आणि नाकात विजेची मोटर.

दार उघडल्या उघडल्या ताई म्हणाली, "ये बाई. जेवायच्या टेबलावर काय आणून ठेवलंय ते तूच बघ."

टेबलावर टॉवेलात गुंडाळलेलं एक पातं होतं. काळं, कार्बन फायबरचं, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या लांबीचं. हातात घेतलं तर वजन जाणवेना. असं दुसरं पातं जोडीला असतं, आणि दोन्ही मिळून मीटरभराचा पंखा होतो. बाहेरची बाजू गुळगुळीत, आतल्या बाजूला किंचित पन्हळ. "ही पन्हळ कशाला?" मी विचारलं. त्यानं पातं माझ्या हातातून घेऊन टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याला बाजूनं लावलं. तांब्याच्या पोटाला ते जवळपास चिकटून बसलं. तेव्हा कळलं. मोटर बंद झाली की दोन्ही पाती मागं मिटतात आणि ग्लायडरच्या नाकाच्या गोलाईला लागून पडून राहतात. वाऱ्याला अडायला काही उरत नाही. मोटर फिरली की फिरण्याच्याच जोरानं ती आपोआप उघडतात.

टोकाला मात्र पातं फाटलेलं होतं, चिरलेल्या बांबूसारखे तंतू बाहेर आलेले. गेल्या उन्हाळ्यात उंच गवताच्या शेतात उतरताना नाक खाली गेलं आणि टोक जमिनीला लागलं. असं पातं पुन्हा वापरत नाहीत, म्हणून माझ्यासाठी आणलं.

या मोटरला सस्टेनर म्हणतात. ग्लायडर जमिनीवरून उचलण्यासाठी ती नसते, त्याला विंच, म्हणजे जमिनीवरून दोरानं ओढणारं यंत्र, किंवा ओढणारं विमान लागतंच. वर गेलेलं ग्लायडर वर टिकवून ठेवायचं, एवढंच तिचं काम. पूर्वीपासूनचे सस्टेनर पेट्रोलवरचे. पंखांच्या मागं, पाठीतून एक खांब वर येतो, त्याच्या टोकाला पंखा. तो खांब बाहेर आला आणि इंजिन सुरूच झालं नाही, की इतका वेळ सुरेख तरंगणारं ग्लायडर दगडासारखं उंची सोडायला लागतं. ते सुरू करण्यासाठी अनेकदा नाक खाली करून वेग घ्यावा लागतो, म्हणजे जी उंची हवी आहे तीच आधी खर्च करायची. अशा घाईत माणसं गेली आहेत. नाकातली विजेची मोटर या सगळ्यातून सोडवते. एक स्विच, एक फिरवायची कळ, आणि क्षणात पंखा फिरतो. नाहीच फिरला, तर ग्लायडर होतं तसंच राहतं. ही रचना स्लोव्हेनियातल्या लुका झ्निदार्शिच यांच्या एलझेड डिझाइनची, आणि सुरुवातीला ती बसवली ती लाक-१७वरच. छंद म्हणून मॉडेल ग्लायडर उडवणाऱ्यांच्या मॉडेलांना असा नाकावर मिटणारा पंखा कितीतरी वर्षांपासून असतो. तीच युक्ती माणूस बसेल एवढ्या ग्लायडरमध्ये आणायला चांगली बॅटरी यावी लागली.

ताई इतका वेळ पोळ्या करता करता ऐकत होती. गॅस बारीक करून म्हणाली, "म्हणजे आता पडायची भीती नाही ना?"

त्यानं लगेच हो म्हटलं नाही, ते मला आवडलं. म्हणाला, "आई, मोटर लागेलच असं धरून मी कधीच उडत नाही." मग २०१७ साली इंग्लंडमध्ये अशाच एका ग्लायडरला उतरताना बॅटरीनं आग लागली होती तेही सांगितलं. वैमानिक सुखरूप बाहेर पडला, आणि त्यानंतर या बॅटऱ्यांकडे जगभर अधिक डोळ्यांत तेल घालून पाहिलं जाऊ लागलं. त्याच्या क्लबात बॅटऱ्या हँगरमध्ये ग्लायडरमध्ये ठेवत नाहीत. दोन खोके आहेत, पंधरा-सोळा किलोचा एकेक. ते काढून वेगळ्या जागी, माणूस हजर असतानाच चार्ज करतात. ताई गप्प झाली. पण रात्री झोपताना मला म्हणाली, "खरं सांगितलं ते बरं केलं त्यानं."

शुक्रवार

जुहू. सकाळी विमानतळाच्या कडेकडेनं चालत गेलो. आत जाता येत नाही. भिंतीपलीकडून हेलिकॉप्टर उठताना दिसतात, तेवढंच. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानानं इथंच उतरले. पन्नास वर्षांनी, १९८२च्या त्याच तारखेला, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. मी तेव्हा कॉलेजात होते. ती बातमी वर्तमानपत्रात वाचली, कात्रण काढलं आणि पुढं चार वर्षांनी हडपसरचा फॉर्म भरला. या भिंतीशी उभं राहून हे भाच्याला पहिल्यांदाच सांगितलं.

दुपारी समुद्रावर. सकाळभर वारा जमिनीकडून होता, अगदी मंद. साडेबाराच्या सुमारास तो थांबला, आणि थोड्या वेळानं समुद्राकडून गार झुळूक सुरू झाली. झावळ्यांची टोकं उलट्या बाजूला वळली. भाचा म्हणाला, "संपलं बघ आजचं दुकान." किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हा वारा सुखाचा. ग्लायडरवाल्याला मात्र नाही. समुद्रावरची गार हवा जमिनीवर पसरते आणि तापलेल्या जमिनीतून वर जाणारे हवेचे स्तंभ, म्हणजे थर्मल, खालूनच दाबून टाकते. घारीही मग आत, पूर्वेकडे सरकतात. आम्ही तासभर बसलो. चौपाटीच्या वर एकही घार फिरकली नाही.

घरी परतताना लोकलमध्ये त्यानं मला एक हिशोब घातला, आणि तो ताईच्या घरी रविवारपर्यंत पुरला. त्याचं ग्लायडर शांत हवेत एक मीटर खाली येताना पन्नास मीटर पुढं जातं. म्हणजे चर्चगेटवर १,२०० मीटर उंची हातात असेल, तर इंजिनाशिवाय साठ किलोमीटर. चर्चगेट ते विरार. कागदावर. प्रत्यक्षात समोरून वारा असतो, खाली ढकलणारी हवा असते, शिवाय उतरण्यासाठी दोनशे-तीनशे मीटर राखून ठेवायचे असतात. तेव्हा वसईच्या अलीकडेच मन घट्ट करायला लागावं. आणि बॅटरी? चारेक किलोवॅट-तास, म्हणजे विजेवरच्या चांगल्या स्कूटरमध्ये असते तेवढीच. बावीस किलोवॅटची मोटर, पण सरळ, उंची न सोडता न वाढवता उडायला तेवढी ताकद लागत नाही. भरलेल्या बॅटरीवर साधारण शंभर किलोमीटर.

"सीएसएमटी ते कर्जत," ताई म्हणाली. तिची पंचवीस वर्षं मध्य रेल्वेनं ये-जा करण्यात गेली आहेत. शंभर किलोमीटर तिला पाठ आहे.

शनिवार

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात लवकर पोचलो, आतल्या बसनं कान्हेरीपर्यंत. सुट्टीचा दिवस, गर्दी होती, शाळेच्या दोन सहली होत्या. चैत्यगृह बघितलं, पायऱ्यांच्या कडेच्या पाण्याच्या पोढ्या बघितल्या. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी पावसाचं पाणी साठवायला खोदलेल्या त्या टाक्या मला लेण्यांपेक्षाही जास्त आवडतात. पण आज आमचं काम माथ्यावर होतं.

साडेनऊला माथ्यावर काहीच नव्हतं. झाडीतून सर्पगरुडाची शीळ येत होती. काळ्या कातळावर हात ठेवला तर तो अजून गार. दहा वाजता कोमट. साडेदहाला हात ठेवून राहवेना, आणि त्याच वेळी खालच्या झाडीतून पहिली घार निघाली.

ती पंख मारत मारत, जरा जडपणानंच आली. आमच्या डाव्या हाताच्या कातळावरून जाताना तिचा उजवा पंख एकदम वर उचलला गेला. भाच्यानं माझा दंड धरला. "बघ, त्या पंखाखाली आहे." घार उचललेल्या पंखाच्या बाजूलाच वळली आणि पंख मारायचे थांबवले. एक फेरी. दुसरी. शेपटी सतत पिळत होती, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. तिसऱ्या फेरीला ती आमच्या डोळ्यांच्या पातळीला आली. पिवळसर पायही दिसले. मग वर. भाचा तोंडानं व्हेरिओचा आवाज काढत होता. व्हेरिओ म्हणजे हवा वर नेतेय की खाली हे सांगणारं यंत्र. वर जाताना भराभर टी-टी-टी, मंदावलं की लांब सूर. त्याच्या लक्षातही नव्हतं. शाळेच्या सहलीतली एक मुलगी त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनंही वर बघितलं. पाच मिनिटांत तिथं अकरा घारी झाल्या. पहिलीनं जागा शोधली, बाकीच्या चारही बाजूंनी सरळ रेषेत येऊन तिच्याखाली फेरीत शिरल्या.

"आम्ही असंच करतो," तो म्हणाला. "दुसरं ग्लायडर फिरताना दिसलं की सरळ तिकडे." वीसेक सेकंदांची एक फेरी, पंख पंचेचाळीस अंशांपर्यंत कललेले. काचेवर बाहेरून चिकटवलेला लाल लोकरीचा धागा सरळ राहील असं बघायचं. तो बाजूला गेला म्हणजे ग्लायडर हवेत तिरकं घसरतंय. हडपसरलाही असाच धागा होता. इतकं महागडं, संगणकांनी भरलेलं ग्लायडर, आणि त्याच्या काचेवर अजून तो धागा आहे हे ऐकून मला फार बरं वाटलं.

डबा उघडला. खाता खाता मी विचारलं, "मोटर नेमकी कधी लावायची?"

"खाली उतरण्याजोगं शेत पक्कं झालेलं असताना. आधी शेत, मग स्विच." तो हे असं म्हणाला की कळावं, हे शिकवलेलं आहे आणि पटलेलंही आहे. उंची पुरेशी हवी, शेत बघून ठेवलेलं हवं, वाऱ्याची दिशा कळलेली हवी. मोटर लागली तर घर. नाही लागली तर आधीच ठरवलेल्या शेतात शांतपणे उतरायचं. मोटर आहे या भरवशावर जंगलावर नाही तर शहरावर खाली खाली येत राहणं, हाच या ग्लायडरमधला सगळ्यात मोठा धोका, असं त्याचं म्हणणं. ती सवय त्याच्या डोळ्यांना इतकी लागलीय की मुंबईतही तो जागा शोधत असतो. काल महालक्ष्मीचं रेसकोर्स बघून म्हणाला, लांबी आहे, पण कुंपण बघावं लागेल. मुंबईच्या आकाशात ग्लायडर उडणं अर्थात शक्य नाही. घाटकोपर-कुर्ल्यावरून दिवसभर विमानांची रांग उतरत असते.

स्पर्धेतले जुने लोक या मोटरला नावं ठेवतात. खरं तर मोटर लावली की ती जिथं लावली तिथंच उड्डाण संपलं असं धरतात. उड्डाण नोंदवणारं यंत्र मोटरचा आवाज, वीज, सगळं टिपून ठेवतं, लपवता येत नाही. शेतात उतरलेल्या माणसाला मिळतील तेवढेच गुण. फरक इतकाच की ट्रेलर घेऊन शंभर किलोमीटर गाडी हाकत कुणाला न्यायला यावं लागत नाही. मला या नावं ठेवण्यात तथ्य दिसत नाही. ट्रेलर घेऊन अंधारात शेतं धुंडाळणारी माणसं बहुतेक घरचीच असतात, आणि त्यांचा रविवार कुणी मोजत नाही.

मग मी त्याला दिवे घाटाचा ढग सांगितला. घरात आजवर कुणाला सांगितला नव्हता.

१९८७चा मार्च. विंचनं ओढून साधारण तीनशे मीटरवर दोर सुटायचा आणि पाच-सहा मिनिटांत आम्ही खाली. त्या दिवशी मैदानाच्या कडेला थर्मल मिळाला आणि मी हजार मीटरच्या वर गेले. एकटी. आग्नेयेला दिवे घाटाच्या दिशेनं एकामागोमाग एक ढग लागलेले, तळ काळा, सपाट, उत्तम. पहिला ढग तीन किलोमीटरवर असेल. नियम स्पष्ट होता: मैदान आवाक्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. नियम बरोबरच होता. त्या ग्लायडरला पल्ला कमी, खाली वस्ती वाढत चाललेली, आणि मला नेमकं किती येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. मी नाक त्या ढगाकडे केलं, दहा-पंधरा सेकंद तशीच गेले, आणि वळले. बेचाळीस मिनिटांचं उड्डाण झालं. माझं सगळ्यात मोठं. पुढच्या वर्षी नोकरीत बदली आणि मग हडपसर सुटलं.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, त्या दिवशी बॅटरी असती तर गेली असतीस?"

मी डबा बंद केला. माकडं जवळ आली होती.

रविवार

सकाळी त्यानं लॅपटॉपवर एका उड्डाणाची रेघ दाखवली. दक्षिण जर्मनीतली श्वेबिश आल्बची डोंगररांग, संध्याकाळची साडेसहा. रेघ फेऱ्या घेत घेत येते, प्रत्येक फेरीला उंची कमी वाढते आहे. ऊन उतरलं, थर्मल संपले. घर तीस किलोमीटर, उंची जमिनीपासून चारशे मीटर. तिथं रेघेनं एका कापणी झालेल्या शेताभोवती एक मोठी, सावकाश फेरी घेतली आहे. "इथं मी शेत बघत होतो." मग रेघ सरळ होते आणि खालच्या आलेखात मोटरचा आवाज उभा राहतो. सहा मिनिटं. साडेपाचशे मीटर चढ. आवाज संपतो, पाती मिटतात, आणि पुढं घरापर्यंत एक लांब, हळूहळू उतरणारी रेघ. पोचला तेव्हा दोनशे मीटर हातात होते आणि बॅटरीत निम्म्याच्या आसपास वीज.

ताई आमच्या मागं उभी राहून बघत होती. तिनं स्क्रीनवर त्या मोठ्या फेरीवर बोट ठेवलं. "ही कसली म्हणालास?" त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली आणि चहा टाकायला गेली. मोटरबद्दल तिनं मग विचारलं नाही.

दुपारी वाळकेश्वरला बाणगंगेच्या पायऱ्यांवर. समुद्रावरचा वारा सुरू झाला होता. तो मलबार हिलच्या उतारावर आणि वरच्या उंच इमारतींवर आदळतो, पुढं जायला वाट नसते म्हणून वर चढतो. त्या चढत्या हवेवर सात घारी ओळीनं थांबल्या होत्या. पंख न हलवता, जागच्या जागी. आल्बच्या रांगेवर वारा असला की ग्लायडर असेच तासन्तास जातात, आणि कामशेतचे पॅराग्लायडरही सह्याद्रीच्या कड्यावर असेच टिकून राहतात. तळ्याच्या पाण्यात त्यांची प्रतिबिंबं दिसत होती. आम्ही फार बोललो नाही.

सीएसएमटीला त्यानं गाडीत बसवून दिलं, पातं टॉवेलासकट माझ्या पिशवीत. वाकून नमस्कार केला. "पुढच्या उन्हाळ्यात तिकडे ये. माझं एका माणसाचं आहे, पण क्लबात दोन आसनांचं ग्लायडर आहे. मागं मी बसेन."

गाडी सुटली. कांजूर-भांडुपच्या मिठागरांपाशी माझं मलाच कळलं की मी जागा बघते आहे. मिठागर नको, बांध फार. कल्याणच्या पुढं एक भाताचं मोकळं खाचर, लहान, पण पलीकडचं चालेल. बदलापूर, वांगणी. उजेड जात होता आणि शेतं एकेक करून हातची जात होती. कर्जतला गाडी थांबली तेव्हा डोंगराची फक्त कड उरली होती.

फलाटावर वडेवाले ओरडत होते. मी फोन काढला आणि भाच्याला दोन शब्द पाठवले: "गेले असते."

मागं घाट चढवायला बँकर इंजिनं लागली, डब्याला हलका धक्का बसला, आणि गाडी चढाला लागली.